सिद्राम उरणे यांचा पुकारा

"सिद्राम मल्लाप्पा उरणेऽऽ, हाजिर होऽऽ!"

तीनदा पुकारायचं असा दंडक होता. पहिल्या पुकाऱ्याला करंजावरचे कावळे उडाले. दुसऱ्याला रस्त्यापलीकडच्या हॉटेलातल्या भटारखान्यातून कोणीतरी बाहेर येऊन आग कुठं लागली ते बघून गेलं. तिसऱ्याला शेजारच्या कचेरीतला एक अनोळखी गृहस्थ धापा टाकत आला आणि त्यानं विचारलं, "माझं तर नाव नव्हतं ना?"

सिद्राम मल्लाप्पा उरणे मात्र आले नाहीत. माझ्यापासून चार पावलांवर, व्हरांड्याच्या कट्ट्यावर एक पांढऱ्या मिशांचा माणूस पाय हलवत बसला होता. फाटकाकडे बघून तो मन लावून हसत होता. फाटकात हसण्यासारखं काही नव्हतं. मी त्याला वेडा समजलो आणि आत गेलो.

"अर्जदार गैरहजर, बाईसाहेब."

गुर्जरबाई तेव्हा आमच्या कामगार न्यायालयाच्या न्यायाधीश. त्या फार बोलत नसत आणि मान वर करायचं तर जवळपास सोडूनच दिलं होतं त्यांनी. "प्रतिवादी?"

"हजर," हुपरीकर वकील उठून म्हणाले. ते विमा कंपनीचे वकील. विमा कंपनी नेहमीच हजर असे.

"अर्ज काढून टाकण्यात येत आहे. पुढचं."

पुढचं नाव पुकारायला मी बाहेर आलो, तर हॉटेलातून एक बाई झाकलेला चहाचा गलास घेऊन येत होती. मला बघून थांबली.

"पुकारणारे दादा, उरण्यांचं नाव कवा निघायचं?"

"निघालं आणि गेलंसुद्धा. अर्जदार आलाच नाही. घसा फोडून ओरडलो मी."

तिनं कट्ट्यावरच्या माणसाकडं बघितलं. मग माझ्याकडं. गलासातला चहा हिंदकळला.

"अवो दादा," ती म्हणाली, "त्यास्नी ऐकाय आलं असतं, तर आमी हितं कशाला आलो असतो?"

मी कामगार न्यायालयात शिपाई होतो. नेमणूक शिपायाची, पण खरं काम पुकाऱ्याचं. पुकारणाऱ्याला माणसाचं नाव कळवतात, दुखणं कळवत नाहीत. सिद्राम उरण्यांनी उभी हयात यंत्रमागावर काढली होती, मागाच्या खडखडाटात त्यांचे दोन्ही कान गेले होते आणि त्या कानांची भरपाई मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज त्यांना हाक ऐकू आली नाही म्हणून निकाली निघाला. यात कायद्याची काही चूक नव्हती. कायद्यानं तीनदा विचारलं होतं.

त्यांचे वकील मगदूम. पोरसवदा होते आणि त्या वेळी दुसऱ्या कोर्टात अडकले होते. त्यांनी धावपळ करून अर्ज पुन्हा दाखल करून घेतला. तेव्हा गुर्जरबाईंनी मान वर केली. चष्म्यावरून माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"तोडकर, या अर्जदाराचा पुकारा यापुढं त्यांच्यासमोर उभं राहून करायचा."

पुढच्या तारखेला मी सिद्रामअण्णांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि जिल्ह्यात नावाजलेला माझा आवाज सोडला. अण्णांनी हात वर केला.

"जरा दमानं," ते सपाट, मोठ्या आवाजात म्हणाले. "दिसतंय मला."

आता हा खटला काय होता ते सांगतो, कारण असा खटला मी नोकरीत दुसरा बघितला नाही.

मालकाचं म्हणणं होतं की उरणे ठार बहिरा आहे. मागाचा पट्टा तुटला, लोक ओरडले, हा हलला नाही, थोडक्यात वाचला. असा माणूस कारखान्यात ठेवणं धोक्याचं, म्हणून कामावरून कमी केलं. विमा कंपनीचं म्हणणं होतं की उरणे मुळीच बहिरा नाही, ढोंग करतो, म्हणून भरपाई देता येत नाही. मालकाचा विमा याच कंपनीकडं. दोघंही प्रतिवादी, दोघं एकाच बाकावर बसत आणि मधल्या सुट्टीत एकाच पुड्यातले शेंगदाणे खात. सिद्रामअण्णा कामावरून काढण्यापुरते बहिरे होते आणि भरपाईपुरते चांगले होते.

कंपनीनं आपल्या डॉक्टरकडून तपासणी करून घेतली होती. डॉक्टर भला माणूस. त्यानं अण्णांना समोर खुर्चीत बसवलं, नाव विचारलं, गाव विचारलं, जेवण जातं का विचारलं. अण्णांनी सगळं सांगितलं. डॉक्टरनं अहवाल लिहिला: संभाषण समाधानकारक.

"मग यंत्रावर तपासा," मगदूम म्हणाले.

"यंत्रावर काय होतं मॅडम," हुपरीकर घशातली खडीसाखर या गालातून त्या गालात नेत म्हणाले, "कानाला डबडं लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. हा बटण दाबणार नाही. बटण न दाबणं हा बहिरेपणाचा पुरावा असेल, तर मीही दाबणार नाही. मलाही भरपाई द्या."

कोर्टात हशा झाला. अण्णाही हसले. हुपरीकरांनी लगेच बोट दाखवलं. "बघा मॅडम! विनोद कळतो!"

गौराक्का, म्हणजे ती चहाची बाई, सिद्रामअण्णांची बायको, खाली बघत राहिली. कामावरून काढल्यापासून दुसरा कुठला मालक अण्णांना दारात उभं करत नव्हता, कारण बहिरा म्हणून गावभर नाव झालं होतं. आणि इथं हरले असते तर लबाड म्हणून झालं असतं. मला ती एकदा व्हरांड्यात म्हणाली, "पैसं न्हाई मिळालं तरी मी सुताच्या कांड्या भरून घर चालवीन, दादा. पण हे खोटं बोलत्यात असं कागदावर ल्याहिलं, तर हे जेवायचं सोडतील. मी वळखते न्हवं यांना."

अण्णांच्या बाजूनं साक्षीदार होता दस्तगीर मोमीन. शेजारच्या मागावरचा. त्याला समन्स बजवायला मी कारखान्यात गेलो, आणि तिथं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच माझा आवाज हरवला.

बसला नाही, हरवला. मी दारात उभा राहून "दस्तगीर मोमीन!" असं ओरडलो आणि मलाच ऐकू आलं नाही. तोंड उघडलं होतं, नरड्याला कंप जाणवत होता, पण आवाज तोंडातून निघाला की मध्येच कोणीतरी खाऊन टाकत होतं. मागावरचे धोटे सूत घेऊन इकडून तिकडं आपटत होते, जमीन पायाखाली थरथरत होती, दात एकमेकांवर वाजत होते. मी पुन्हा ओरडलो. कुत्रंसुद्धा बघेना. ज्या आवाजावर मी मिशीला पीळ भरत होतो, तो तिथं डासाएवढाही नव्हता.

मग मी बघायला लागलो. काय करणार दुसरं?

अख्खा कारखाना बोलत होता. मागाच्या दोन ओळी, मध्ये बोळ, आणि प्रत्येक माणूस समोरच्याशी, तिरकसाशी, पार टोकाच्या माणसाशी गप्पा मारत होता. ओठ हलत होते, भुवया उडत होत्या, दोन बोटं गालावर टेकत होती. कोणीतरी काहीतरी बोललं आणि हसू या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलं. एक बाई कांड्यांची टोपली घेऊन मधून चालली होती. तिनं मान वाकडी करून ओठांचा चंबू केला, तर दहा मागांपलीकडचा माणूस लाजून लाल झाला. आणि हे सगळं चालू असताना हात थांबले नव्हते, सुताची तुटलेली तार जोडली जात होती, कापड उतरत होतं. मला देवळात जसं होतं तसं झालं. मी नकळत टोपी काढली.

एकाएकी सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि गाल फुगवले. एकदम. ओळीनं.

दस्तगीर बाहेर आला. दाराबाहेर पडल्यावर मला माझे कान परत मिळाले.

"ते गाल काय फुगवलं रे सगळ्यांनी?"

"ते तुमचं नाव हाय," दस्तगीर म्हणाला. "सिद्रामअण्णानं ठेवलंय. पुकारणारे आलं, असं."

"आणि हे बोलणं शिकवतं कोण तुम्हाला?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "शिकवाय काय लागतंय? आवाज न्हाई तर माणूस गप बसंल व्हय?" मग म्हणाला, "अण्णाचं कान कधी गेलं, हे आमालाबी कळलं न्हाई बघा. आत सगळेच बहिरे. भाईर आल्यावर कळलं. लग्नात वाजंत्री थांबली, तरी ह्यो मान डोलावतोय."

फाटकाकडं बघून अण्णा का हसत होते, ते मला आता कळलं. त्या दिवशी फाटकात हाच दस्तगीर ओठ हलवत उभा होता.

उलटतपासणीच्या दिवशी कोर्ट भरलं. सुट्टीच्या पाळीतले विणकर व्हरांड्यात, खिडक्यांत, करंजाखाली. आमच्या कोर्टात एवढी गर्दी आणि एवढी शांतता मी एका वेळी कधी बघितली नव्हती. नंतर लक्षात आलं की शांतता वगैरे काही नव्हती. बाहेर प्रचंड गप्पा चालल्या होत्या.

हुपरीकर समोर आले. "उरणे, माझा प्रश्न तुम्हाला ऐकू येतो?"

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"मग उत्तर कसं दिलंत?"

"तुमी इचारलं म्हणून."

"म्हणजे ऐकू आलं!"

"दिसलं. तुमचं व्हट जाड हायती, साहेब. लई सोपं जातंय."

बाहेर करंजाखाली चाळीसएक माणसं एकदम पोट धरून वाकली. आवाज नाही. बाईंनी खिडकीकडं बघितलं आणि त्या एक क्षण बघतच राहिल्या.

हुपरीकरांनी पाठ फिरवून प्रश्न विचारले. अण्णांनी उत्तरं दिली नाहीत. "हेच ढोंग," हुपरीकर म्हणाले. "पाठ फिरवली की बहिरा व्हायचं, हे माझ्या नातवालाही जमतं. मॅडम, माझा एक अर्ज आहे. ढोंग करणारा माणूस प्रश्नाला गप्प बसेल, पण दचकणं कोणाच्या हातात नसतं. आपल्याकडं तोडकर आहेत. अर्जदाराला आपल्याकडं तोंड करून उभं करा. तोडकरांनी मागून, न सांगता, ओरडावं. बहिरा असेल तर हलणार नाही."

मगदूमांनी हरकत घेतली नाही. घ्यायला हवी होती, पण त्यांना वाटलं की हे आपल्याच फायद्याचं. मलाही तसंच वाटलं.

अण्णा बाईंकडं तोंड करून उभे राहिले. मी मागं दाराशी गेलो. काय ओरडायचं ते मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी येत होतं तेच ओरडलो, पण असं ओरडलो की तसं त्याआधी कधी ओरडलो नव्हतो. आढ्यावरची कबुतरं फडफडली. टायपिस्ट सबनीसबाईंचे हात यंत्रावरून उडाले. गुर्जरबाईंनी डोळे घट्ट मिटले.

आणि सिद्रामअण्णा वळले. गर्रकन. सरळ माझ्याकडं बघितलं.

 हुपरीकरांनी तोंडातली खडीसाखर कडकन फोडली, ती सगळ्यांना ऐकू आली.

"माझं काम झालं, मॅडम."

गौराक्कानं पदर तोंडात धरला. दस्तगीरनं भिंतीला डोकं टेकवलं. मगदूमांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला. अण्णा सगळ्यांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होते. काहीतरी भयंकर झालंय हे त्यांना दिसत होतं, काय ते कळत नव्हतं.

बाईंनी ओठ सावकाश हलवत विचारलं, "उरणे, तुम्ही का वळलात?"

"तुमी डोळं मिटलं म्हणून."

"काय?"

"बाईसाहेब, तुमी डोळं मिटलं. त्या बाईंचं हात उडालं. वर कबुतरं उठली. म्हटलं माझ्या मागं काय तरी पडलं."  हे समजावून सांगावं लागेल असं अण्णांना आजवर वाटलं नसावं. "मागावर पाठीमागं काय चाललंय ते ऐकाय येत न्हाई. तवा समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं. त्येचं तोंड बदललं की वळायचं, इचार करायचा न्हाई. पट्टा सुटलेला असतोय. मी दस्तगीरची पाठ बघतो, त्यो माझी बघतोय. त्या दिवशी दस्तगीर रजेवर हुता, म्हणून पट्टा दिसला न्हाई मला."

"गोष्ट छान आहे," हुपरीकर म्हणाले. "पण नोंद एवढीच व्हावी की मागून आवाज झाला आणि अर्जदार वळला."

बाईंनी तशी नोंद करून घेतली. करावीच लागली. झालं होतं तसंच. सबनीसबाईंनी टाइप करताना एकदाही अण्णांकडं बघितलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत गौराक्कानं भाकरी सोडली. अण्णांनी ती तशीच बांधून ठेवली. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला, तर अण्णा माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "तुमी कशाला तोंड पाडताय? चांगलं वरडलासा म्हणं. सगळी म्हणत्यात."

सुट्टीनंतर बाई आल्या आणि बसायच्या आधीच बोलल्या.

"चाचणी पुन्हा होईल. अर्जदार, त्यांची पत्नी आणि साक्षीदार यांनी बाहेर जावं. हुपरीकर, तुमचा कारकून त्यांच्याजवळ उभा करा, म्हणजे तुम्हाला शंका नको. तोडकर, दार लावा."

मी दार लावलं. बाईंनी बोलायला तोंड उघडलं, तर हुपरीकर घाईनं उठले.

"मॅडम, खिडक्या! खिडक्याही लावायला सांगा. बाहेर ती माणसं उभी आहेत, आपण काय ठरवतो ते तिथून वाचतील आणि त्याला सांगतील."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे ओठ वाचता येतात, हे आपल्याला मान्य?"

हुपरीकर उभे राहिले. बसले. पुन्हा उभे राहिले.

"मान्य नाही," ते म्हणाले. "पण खिडक्या लावा."

मी खिडक्या लावल्या. बाईंनी काय करायचं ते सांगितलं. दोनदा चाचणी. पहिल्यांदा मी सकाळसारखंच ओरडायचं, आणि अण्णांच्या समोर बसलेल्या कोणाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलता कामा नये. दुसऱ्यांदा मी फक्त तोंड उघडायचं, आवाज काढायचा नाही, आणि समोरच्यांनी दचकायचं. "दोन्ही वेळा काय होतं ते लिहून घेऊ. हुपरीकर, तुम्ही तोडकरांच्या शेजारी, दाराशी उभे राहा."

"मी? कशासाठी?"

"तुमचा चेहरा फार बोलका आहे."

सबनीसबाई म्हणाल्या, "बाई, मला जमायचं नाही हो. तोडकर ओरडले की माझं आपोआप होतं."

"मग पंख्याकडं बघत बसा. आणि दुसऱ्या वेळी सकाळी केलंत तेवढंच करा. जास्त नको."

कबुतरं सकाळपासून परतली नव्हती. त्यांची सोय आपोआप झाली.

सगळे आत आले. खिडक्या बाईंच्या सांगण्यावरून पुन्हा उघडल्या, त्या अण्णांच्या पाठीशी होत्या आणि आता काही लपवायचं नव्हतं. अण्णा बाईंकडं तोंड करून उभे राहिले. गौराक्का आणि दस्तगीर मागच्या बाकावर, अण्णांच्या पाठीशी. मी छाती भरली. हुपरीकर माझ्यापासून हातभर अंतरावर होते, मला त्यांची खडीसाखर वासावरून कळत होती.

मी ओरडलो.

टेबलावरचा पाण्याचा पेला किणकिणला. हुपरीकर भिंतीला जाऊन चिकटले. बाहेर कोणाचं तरी पोर रडायला लागलं. गुर्जरबाई समोर बघत होत्या. डोळ्याची पापणी हलली नाही. खाली, टेबलाआड, त्यांनी आपला पदर मुठीत इतका आवळला होता की तो नंतर तसाच चुरगळलेला राहिला, पण ते अण्णांना दिसायचं नव्हतं. सबनीसबाई पंख्याकडं अशा भक्तीनं बघत होत्या की पंख्यात कोणी अवतरलं असावं.

अण्णा हलले नाहीत. वाट बघत उभे राहिले. मग जरा वेळानं बाईंना म्हणाले, "वरडंना का अजून त्यो?"

बाईंच्या गालावर काहीतरी हललं आणि लगेच थांबलं. त्यांनी मान किंचित हलवली. ती माझ्यासाठी खूण होती.

मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं. आयुष्यभर जे केलं ते सगळं केलं. पोट आत ओढलं, मान ताठ केली, जबडा सोडला. फक्त आवाज आत ठेवला. कसं सांगू तुम्हाला, आवाज काढण्यापेक्षा तो धरून ठेवायला जास्त जोर लागतो. ओठ हलवायचे तर काहीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून मी त्यांचंच नाव म्हणत गेलो, एकेक अक्षर.

गुर्जरबाईंनी डोळे मिटले. सबनीसबाईंचे हात उडाले, जरा जास्तच उडाले.

अण्णा वळले. सकाळसारखेच, गर्रकन, विचार न करता. जे झालंच नव्हतं, त्याच्याकडं वळले.

 मी तोंड उघडं टाकून उभा, आणि अण्णा माझ्या ओठांकडं बघतायत. त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. शेवटचं अक्षर होईपर्यंत वाट बघितली. मग त्या सपाट, मोठ्या आवाजात, सगळं कोर्ट दणाणेल असं म्हणाले,

"हाजिर हाय!"

 मी आजवर हजारो नावं पुकारली असतील. माणसं येत, उभी राहत, जात. पण मी आवाज न काढता दिलेली हाक एका माणसानं घेतली, पूर्ण घेतली, आणि तिला ओ दिली. शेजारी हुपरीकर वकील उभे होते. माझ्या तोंडाला सगळ्यांत जवळ त्यांचाच कान होता, आणि त्या कानात काहीही पडलं नव्हतं. ते अण्णांकडं बघत होते, मग माझ्या तोंडाकडं, मग पुन्हा अण्णांकडं. खडीसाखर चघळायची त्यांना आठवण राहिली नव्हती.

"काही प्रश्न?" बाईंनी विचारलं.

हुपरीकरांनी नुसती मान हलवली. पण जागेवर परतल्यावर वकील परत वकील झाले. दुसरी चाचणी कायद्यात कुठं सांगितली आहे, असं काहीतरी लेखी देतो म्हणाले, आणि निकालाला पुढची तारीख पडली.

निकालाच्या दिवशी पाळीच बंद ठेवली असावी. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. फाटकापासून करंजापर्यंत माणसं, फाटकाबाहेर रस्त्यावर माणसं, कांड्या भरणाऱ्या बाया कडेवर पोरं घेऊन. माझ्याकडं बघून सगळ्यांनी गाल फुगवले. मीही फुगवले. काही झालं तरी ते माझं नाव होतं.

अण्णांचा पुकारा मी त्यांच्यासमोर जाऊन, आवाज न काढताच केला. नियमात तसं कुठं नव्हतं. तसं करू नये असंही नव्हतं.

बाईंनी निकाल वाचायला घेतला. निकाल इंग्रजीत होता, आणि बाई आपल्या सवयीनं कागदात मान घालून वाचत होत्या. गौराक्का ऐकत होती, तिला कळत नव्हतं. दस्तगीरला कळत नव्हतं. मला कोर्टातलं इंग्रजी येतं ते शेवटच्या ओळीपुरतं, आणि शेवटची ओळ येत नव्हती. अण्णा बाईंच्या भांगाकडं बघत उभे होते. बाईंचे ओठ त्यांना दिसत नव्हते. त्यांनी जरा वाकून बघितलं. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं.  गौराक्का खालून त्यांचा सदरा ओढत होती, पण त्यांना राहवलं नाही.

"बाईसाहेब, मान वर करा की," ते म्हणाले. "मी खोटा हाय का खरा, तेवढं दिसू द्या."

कोर्टात निकाल वाचताना कोणी बोलत नाही. मला त्यांना गप्प करायला हवं होतं, ते माझं काम होतं. मी हललो नाही.

गुर्जरबाईंचं वाचन थांबलं. त्यांनी कागद खाली ठेवला. चष्मा काढला. मान वर केली, पुरती वर, आणि सिद्रामअण्णांकडं सरळ बघून, आवाजाचा एक कण न काढता, ओठ सावकाश हलवत त्यांना काहीतरी सांगितलं. फार नाही, चारपाच शब्द असावेत.

सबनीसबाईंची बोटं यंत्रावर अधांतरी राहिली. "बाई, मी काय टाइप करू?"

अण्णांनी हात जोडले. कपाळाला लावले आणि तिथंच ठेवले. खिडकीतल्या दस्तगीरनं मागं वळून ओठ हलवले. व्हरांडा वळला, मग करंजाखालची माणसं वळली, मग फाटक, मग रस्ता. वारा शेतातून जावा तसं ते गेलं. आणि मग हात वर झाले. शेकडो हात, बायांचे, म्हाताऱ्यांचे, बोटं ताणलेली, आणि त्या सगळ्यांची तोंडं जयजयकाराला उघडी, डोळ्यांत पाणी, आणि आवाज नाही, कुठंच नाही. 

"काय म्हणाल्या?" हुपरीकर वकील माझी बाही ओढत होते. "अहो तोडकर, मॅडम काय म्हणाल्या? मला ऐकू आलं नाही!"

मी त्यांना धरून खिडकीकडं वळवलं.